अर्धा पीळ

डोकं चिमटीत धरलं, अर्धा पीळ दिला आणि हळूच ओढलं. कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा डोक्याबरोबर सबंध बाहेर आला. नवऱ्यानं दुसरी उचलली. तिचाही दोरा सबंध आला. तोंडानं त्याची बडबड चालूच होती. चष्म्याच्या दुकानात आज कुणी गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं म्हणे कपाळावरचाच चष्मा पाऊण तास शोधला. हातांकडे याचं लक्षसुद्धा नव्हतं.

बायको लसूण चिरता चिरता थांबली.

नऊ वर्षांत या घरात कोळंबी शिजली नव्हती. लसूण-बटरातली कोळंबी म्हणजे तिच्या आईचा हातखंडा, आणि आईशी तर तिनं संबंधच तोडला होता. तोही याच्यापायी. लग्न ठरलं तेव्हा आईनं चार माणसांदेखत याला विचारलं होतं, चष्मे पुसण्यापलीकडे या हातांना काही येतं का? वर हसलीही होती. याचा चेहरा एवढासा झाला. ती भरल्या ताटावरून उठली, याचा हात धरून बाहेर पडली, ती पुन्हा आईच्या घराची पायरी चढली नाही. आईनंही कधी फोन केला नाही की निरोप धाडला नाही. म्हातारी हट्टी खरी, पण मुलगीही तिचीच. आज बाजारात ताजी कोळंबी दिसली आणि तिला राहवेना. राग आईवर आहे, कोळंबीनं काय घोडं मारलंय, असं स्वतःलाच बजावत तिनं अर्धा किलो घेतली.

पण हा अर्धा पीळ! हा आईचा होता. सुरी न लावता दोरा काढायची ही खुबी आईनं तिला लहानपणी शंभरदा दाखवली, पण तिचा दोरा दरवेळी मध्येच तुटायचा. आणि हा तर धड अंडंसुद्धा फोडू शकत नसे.

असेल योगायोग, म्हणून तिनं मान झटकली. बटर वितळलं, लसूण तडतडला. कोळंबीची डोकी गोळा करून ती कचऱ्यात टाकायला निघाली.

“अगं, डोकी टाकू नकोस,” तो म्हणाला. “उकळून ते पाणी घाल. त्याशिवाय चव येत नाही.”

तिनं गॅस बंद केला. आईकडे कधीपासून जातोस, एवढंच विचारलं.

तो आधी हसला, मग गडबडला, मग खाली बघून सांगायला लागला. पाच वर्षं झाली. आई दुकानात आली होती, तिनं हात धरून माफी मागितली. तेव्हापासून दर शुक्रवारी हा तिच्याकडे जातो. हा सोलून देतो, ती शिजवते.

तिच्या डोळ्यांसमोर सगळे शुक्रवार आले. भूक नाही म्हणून दोन घास खाऊन उठणारा नवरा आला. तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याच्या अपमानासाठी तिनं जन्मदाती सोडली, त्यानंच केसानं गळा कापला होता. ती इथं एकटी कुढत बसली, आणि हा तिथं बसून बोटं चाटत होता.

“पाच वर्षं पोटभर जेवून येतोस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?”

“तिथं कुठं जेवतो मी,” तो पुटपुटला. “आई डबा भरून देतात. तुझ्यासाठी. तू चिडशील म्हणून पहिला डबा बागेतल्या बाकावर बसून मीच संपवला. मग दरवेळी तेच होत गेलं.”

मग तिनं विचारलं, “आणि आईला काय सांगतोस?”

त्यानं हातातली कोळंबी खाली ठेवली.

“सांगतो, तिनं सगळा डबा खाल्ला. पण तुमचं तोंड बघायचं नाही म्हणते.”