हजर माणसं
माझे वडील, आबा, नरडाण्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. ते वारल्यावर त्यांच्या जागेवर मला घेतलं आणि त्यांच्या टेबलावर संगणक आला. हजेरीच्या तक्त्यातल्या नव्याजुन्या नावांच्या रकान्याला मी ‘माणसं’ नाव दिलं होतं. आजची तारीख बघून त्यातलं कोण नोकरीत आहे ते सूत्र सांगायचं. त्या सकाळी संगणकाच्या घड्याळाची बॅटरी संपली आणि तारीख १ जानेवारी १९८० झाली. आबांच्या नावापुढे ‘हजर’ उमटलं, माझ्या नावापुढे ‘रुजू नाही’. तारीख बदलायला मी हसत कळीवर बोट ठेवलं, ती दबेना. तेवढ्यात शिपाई मोतीलालनाना चहा घेऊन आले. त्यांचे कालचे पांढरे केस काळेभोर होते. आबांचा पितळी पेला त्यांनी टेबलावरच्या माझ्या हातावरच ठेवला. चटका बसला नाही. नाना म्हणाले, “आबा, चहा पी ल्या, थंडा व्हई जाई.” माझ्या खुर्चीत आबा खोकले.