गल्लीचा नंबर

विद्यापीठवाल्यांनो, तुम्ही त्याला दोन पदव्यांचं शिक्षण एकदम दिलंत. विमागणितात माणूस कधी आजारी पडेल, कधी मरेल, ते मोजायला. माहितीप्रणालीत ते मोजमाप यंत्राच्या हाती सोपवायला. पाच वर्षं शिकवलंत. तो कुठून येतो, हे एकदाही विचारलं नाहीत.

विन्ह सिडनीच्या त्या विद्यापीठाच्या सभागृहात उभा होता. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. विम्याचे खोटे दावे पकडणारी प्रणाली त्यानं बांधली होती. नियम साधा. एकमेकांच्या नात्यातली नसलेली बरीच माणसं एकच फोन नंबर देत असतील, तर ती टोळी समजायची आणि दावे अडवायचे. एका विमा कंपनीनं हा नियम दोन महिन्यांपूर्वीच कामाला जुंपला होता. आज कंपनीच्या बाई निकाल घेऊन आल्या होत्या. विन्हची त्यांच्याकडची नोकरी ठरल्यातच जमा होती.

सकाळी कॅब्रामाटा या सिडनीतल्या व्हिएतनामी वस्तीतल्या दुकानात शिवणयंत्रावरून मान वर न करता त्याची आई, मा, म्हणाली होती, "शेजारच्या म्हाताऱ्या बाक थोंच्या मोडलेल्या मनगटाचे विम्याचे पैसे अडलेत रे. समोरच्या पाववालीचेही. तुझ्या कॉलेजात कुणाला तरी विचार ना."

"मा, मी तिथे गल्लीतल्या म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन जात नाही."

"हो बाबा, साहेब झालास आता. पूर्वी फोन वाजला की तोंडातला घास घेऊन धावायचास."

पडद्यावर लाल ठिपक्यांचा पुंजका उमटला. अठरा माणसं, एक नंबर. टाळ्या पडल्या.

"अख्खी गल्लीच चोर निघाली," बाई हसल्या. "कॅब्रामाटा. तुझ्या अर्जावरचा पत्ताही तिथलाच की. ओळखतोस हा नंबर?"

विन्हनं नंबर वाचला. माच्या दुकानाचा होता.

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला.

"मग म्होरक्याचा आवाज तरी ऐकू या." बाईंनी नंबर लावला आणि फोन माइकसमोर धरला.

घंटा वाजत राहिली. मा उचलणार नव्हती. इंग्रजीच्या धास्तीनं ती फोनला हात लावत नसे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मग खट्‌ आवाज झाला. निरोप घेणारं जुनं यंत्र सुरू झालं. ते अजून कुणी बदललं नव्हतं.

नऊ वर्षांच्या पोराचा आवाज सभागृहभर पसरला. धापा टाकणारा, घास पुरता न गिळलेला.

"नमस्कार, मी विन्ह. आमच्या गल्लीत इंग्रजी मलाच येतं, म्हणून सगळ्यांनी हाच नंबर दिलाय. मी शाळेत गेलोय. आलो की लगेच फोन करीन. कुणाकडे काम होतं, त्यांचं नाव सांगा."