कुंडातलं पहिलं बाळ

"आजोबा, बाळाला जरा खाली धरा. कुंडावरचं आमच्या आईचं नाव फोटोत आलं पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

चर्चला हे संगमरवरी बाप्तिस्मा-कुंड त्यांच्या मंजुळाबाई फाउंडेशननं दिलं होतं. विद्यापीठातलं अध्यासनही त्यांच्याच देणगीचं, आणि त्यावर बाळाचे वडील, म्हणजे आजोबा शलमोनरावांचा मुलगा, नेमलेला. म्हणूनच भाऊसाहेबांनी हक्कानं सांगितलं होतं, या कुंडातलं पहिलं बाळ मंजुळाच झालं पाहिजे. शलमोनरावांच्या सुनेनं मात्र बाळ पोटात असल्यापासून रूथ हे नाव धरलं होतं. ती पहिल्या बाकावर डोळे पुसत होती.

"बाळाचं नाव?" पाळकांनी विचारलं.

"बाबा, मंजुळा म्हणा. नोकरीचा प्रश्न आहे," मुलगा कुजबुजला.

शलमोनराव म्हणजे जन्मभर पुस्तकात तोंड खुपसून बसलेला माणूस. चारचौघांत आवाज फुटायची मारामार. तरी ते म्हणाले, "रूथ."

पाळकांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, भाऊसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, "नाव?"

शलमोनरावांनी बाळाला छातीशी धरलं. "सूनबाई, चल," ते दाराकडे वळत म्हणाले. "आपल्या प्रभूला नदीचं पाणी चाललं होतं."