खालच्या खोलीतली हवा

दुरुस्तीला आलेल्या मयेकरने थंड हवेच्या नळीच्या तोंडाशी उदबत्ती लावली आणि धूर कुठून बाहेर पडतो ते पाहत बसला. केतकरवहिनींची खोली नीट गार होत नव्हती. यंदाच्या दमट उन्हात या नळीच्या हवेशिवाय दुपार जिवंत काढलेला माणूस रत्नागिरीत कुणी पाहिला नव्हता.

धूर कपाटामागच्या सांध्यातून निघाला आणि जमिनीच्या फटीतून सरळ खाली गेला. खाली वहिनींकडची धुणंभांडी करणारी सुगंधा राहायची. तिच्या खोलीला नळी नव्हती.

फटीतून तिचा आवाज आला, "वहिनी, उदबत्तीचा वास येतोय. आज पूजा आहे का?"

मयेकरचा पुट्टीचा हात थांबला. "वहिनी, ही बाई आपल्या गळतीवरच जगलीय. राहू दे का?"

"मग तुम्हाला बोलावलं कशाला? बुजवा."

आपण नाही तर दुसरा कुणी बुजवेलच, असं मनाशी म्हणत त्याने पुट्टी भरली, वरून पट्टी चिकटवली. खोली गार पडू लागली. वहिनींनी खांद्यावरून पदर ओढून घेतला आणि देवापुढचे दोन पेढे वाटीत घालून त्याच्या हातात दिले.

"जाताना सुगंधाला प्रसाद द्या. बिचारीने आशेने विचारलं."