चोपन्न किलो

दोरी ओढली, इंजिन फुरफुरलं आणि नावेचं नाक जे वर गेलं ते खाली येईना. मागे बसलेल्या पंचाक्षरी सरांना समोर नुसतं आभाळ दिसत होतं. त्यांनी निमूट इंजिन बंद केलं आणि वल्हं मारत नाव विष्णुपुरी धरणाच्या काठाला परत आणली.

पुढच्या फळीवर त्यांची बायको गौरम्मा बसली होती. डोक्याला स्कार्फ, अंगात ढगळ लाइफ जॅकेट. बाई पाण्याला भिणारी, पण नवऱ्याच्या नावेत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली होती.

"म्होरं वजन कमी पडून राहिलं, सर," काठावर जाळं सोडवत बसलेला पंढरी म्हणाला. "येक धोंडा ठिवा की."

"धोंडा न्हाई ठेवायचा," सर तोडून बोलले.

नाव त्यांच्याच डोक्यातून उतरलेली. प्लायवूडच्या फळ्या, तांब्याच्या तारेचे टाके, सांध्यांना रेझिन आणि मागे गवत कापायच्या यंत्राचं इंजिन. ज्याला खिळा सरळ ठोकता येत नाही त्यालाही ही अंगणात बांधता आली पाहिजे, असा या म्हाताऱ्या सरांचा हट्ट. देगलूरच्या एका मास्तरांनी तर प्लायवूड आणूनही ठेवलं होतं. उद्या त्यांना ड्रॉइंग पाठवायचं होतं.

गौरम्माने तेच ड्रॉइंग नळीतून काढून मांडीवर पसरलं. पुढच्या फळीच्या जागी सरांच्या काळ्याभोर शाईत आकडा होता, ५४ किलो.

"हे कुणाचं वजन हाय, सर?" सगळं गाव सर म्हणायचं, म्हणून तीही सरच म्हणायची.

सर इंजिनाची दोरी गुंडाळू लागले.

"माझंच न्हवं? दुखण्याच्या आधीचं. आता चव्वेचाळीस हाय. केमोच्या दर खेपेला काट्यावर उभं करायचे, तवा तुम्ही बाजूलाच होता की." तिने नळीतलं ब्लेड त्यांच्यापुढे धरलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते, हे तिला संसारात पाठ झालं होतं. "खरवडा. न्हाईतर म्होरं हलकं माणूस बसलं की त्या मास्तरांची नावबी अशीच आभाळाकडं बघंल."

पॉलिटेक्निकात शिकवताना सरांनी एकेका मिलिमीटरसाठी पोरांच्या ड्रॉइंगच्या शीटा परत केल्या होत्या. चुकीचं माप त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांनी ब्लेड घेतलं, आकड्यावर टेकवलं, आणि हात जागीच थांबला.

"न्हाई खरवडणार," ते म्हणाले. "नाव बरोबर हाय, गौरा. तूच कमी झालीस."

कपाळावरच्या विभूतीखाली त्यांचे डोळे भरून आले. पंढरीने जाळ्यात मान घातली.

गौरम्माने त्यांच्या हातातलं ब्लेड काढून परत नळीत ठेवलं. मग "हट्टी माणूस," असं पुटपुटत जपून उतरली आणि स्कूटरपाशी गेली. स्कूटरवर ज्वारीचा डबा होता. सकाळी येताना गिरणीची लाइट गेली होती, म्हणून दळण तसंच राहिलं होतं. घरून मापून आणलेली बरोबर दहा किलो ज्वारी. तिने पंढरीकडून डबा नावेत ठेवून घेतला आणि दोन्ही पायांत धरून बसली.

"वढा दोरी. भरले चोपन्न."

नाक किंचित उचललं आणि बसलं. सरांना आता पाणी दिसलं, पलीकडचा काठ दिसला, आणि स्कार्फच्या कडेखालून मानेवर आलेले गौरम्माचे नवे, आखूड केस दिसले. त्यांनी गरज नसताना आणखी दोन चकरा मारल्या.

काठाला लागल्यावर त्यांनी चोपन्नच्या आकड्याखाली शाईने लिहिलं, 'वजन कमी भरल्यास ज्वारी ठेवावी.' मग पेन बंद केला आणि त्याच्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं, 'आमच्या नावेला सध्या १० किलो.'

"हे पेन्सिलनं का वो?" गौरम्माने विचारलं. "शाई सरली काय?"

"ते महिन्या-महिन्याला खोडून कमी करायचं हाय," सर म्हणाले आणि डबा उचलून खांद्यावर घेतला. "चल, गिरणीची लाइट आली आसंल."