भिंतीतला कान

संध्याकाळी रेणूचा खोकला वाढला, तसं शलाकाने तिला ज्येष्ठमध उगाळून मधातून चाटवला आणि ओव्याच्या गरम पुरचुंडीने छाती शेकली. पोरीला झोप लागावी, एवढंच तिच्या मनात होतं. खोकल्यावरून आजार ओळखणारा कान आता घरोघरी भिंतीत बसवलेला होता. तो म्हणाला, "खोकला कमी झाला. साधी सर्दी आहे."

सकाळी रेणू खोकत नव्हती. पण प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि ओठ जांभळे पडले होते.

शलाकाने आरोग्य केंद्राला फोन लावला. "सिस्टर, गाडी पाठवा हो!"

"ताई, कानाने आजार ओळखल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. आमच्या हातात काहीच ठेवलेलं नाही. तिला एकदा खोकायला लावा."

शलाकाने रेणूला भिंतीपाशी उचलून धरलं. "खोक गं राणी, एकदाच खोक."

रेणूची मान तिच्या खांद्यावर कलंडली. मग शलाका स्वतःच खोकली, लहान मुलीचा आवाज काढून, घसा फाटेस्तोवर.

"शलाकाताई, हा तुमचा खोकला आहे," कान आपुलकीने म्हणाला. "काळजी करू नका. तुमची छाती अगदी स्वच्छ आहे."