खरखर गेली

इंजिनिअरने अँप्लिफायर चालू केला आणि दोन्ही पाहुण्यांना खूण केली : चूप. उघड्या डब्यातले काचेचे चार व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. दातांच्या डॉक्टरने गुडघे टेकून स्पीकरच्या जाळीला कान लावला. बँकेतला मित्र पोट सांभाळत दुसऱ्या बाजूने वाकला.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"आणि आवाज फुल्ल आहे!" इंजिनिअर म्हणाला. वर्गात पहिला आल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

वर्षभराच्या सुट्ट्या त्याने या डब्यावर घातल्या होत्या. सुरुवातीला नुसती घूंऽ व्हायची. ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला, अर्थिंग एका जागी आणलं, तेव्हा ती थांबली. मागे बारीक खरखर उरली. मग जागोजागी कंडेन्सर डकवून त्याने तीही मारली. अँप्लिफायर बायकोसाठी होता. रविवारी तिचा कार्यक्रम होता, एकटीचा, पहिलाच.

"वहिनी, आता तुम्ही वाजवा की," डॉक्टर कपडे झटकत म्हणाला.

ती केव्हाची इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन बसली होती. तिने वायर खोचली आणि बारीक तारांवर सूर धरला. तोंडावर उशी दाबून कुणी बोलावं तसा तो बाहेर आला. तिने ट्रेबलचं बटण फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. काही फरक पडला नाही.

"वरचे सूर कुठं गेले?"

"अगं, खरखर तिथंच बसलेली असते. तिला हाकलायचं तर थोडं इकडंतिकडं होणारच. तू जोर लावून वाजव."

तिने जोर लावला. तिघांनी डोळे मिटले. तिने तिघांकडे एकदा नीट पाहून घेतलं, आणि सगळ्या तारांवर तळहात ठेवून दिला.

"वा," बँकवाला म्हणाला.

"काय स्वच्छ आहे!" डॉक्टरने मान डोलावली. त्याच्या पायाचा ताल चालूच होता.

ती तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने नवऱ्याने डोळे उघडले.

"कसं वाटलं?" तिने विचारलं.

"अप्रतिम, वहिनी! शेवट तर काय वाजवलात!"

"शेवटी मी वाजवतच नव्हते."

डॉक्टरचा पाय थांबला. बँकवाला छताकडे बघू लागला. नवरा मात्र उडालाच.

"बघा! वाजवत नव्हती, तरी आवाज आला? जरा तरी आला?"

"रविवारी मी हा नेणार नाहीये."

"कान लागतात त्याला," तो मित्रांना म्हणाला.

तिने वायर उपटली आणि गिटार घेऊन ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांच्याशेजारी जागा करून ती बसली आणि नुसत्या तारांवर तीच धून वाजवू लागली. आवाज हातभर अंतरापर्यंत पुरेल एवढाच. सासूबाई हातातला शर्ट तसाच धरून तिच्याजवळ सरकल्या.

"ते वरचं परत वाजव गं. ते टोकाचं."

तिने वाजवलं. सासूबाईंनी श्वास रोखून धरला.

बाहेरून नवरा ओरडला, "दार लाव गं जरा! इथं नीट ऐकू येत नाहीये."